आडवी बाटली, उभी बाटली

वास आधी आला. आंघोळ करून केस पुसत बाहेर आले, तर बिस्किटांच्या भट्टीशेजारी राहायला आल्यासारखं सगळं घर खमंग झालेलं. स्वयंपाकघरात आई उंच स्टूल ओढून शेगडीपुढे बसली होती. पुढ्यात तिनं गावाहून सामानात घालून आणलेली लोखंडी कढई, हातात उलथनं आणि पायाशी माझं गराजमधलं पोतं, तोंड उघडलेलं.

"आई, काय करतेस?"

"भाजतेय." तिनं मान वळवली नाही. "सातू आहे. मोड आणून वाळवलेला. कुणीतरी जाणत्या हातानं केलाय बघ, मोडसुद्धा चोळून काढलेत. बाळाच्या सत्त्वाला आणलास न्हवं?"

माझा नवरा निनाद दारात उभा होता. दुसऱ्याच्या काचेवर चेंडू मारून आलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं छताकडे बघितलं.

"हो," मी म्हणाले. "सत्त्वालाच."

"मग कच्चा कशाला ठेवलास? भाजल्याशिवाय दळायचं नसतं काही." आणि तिनं आणखी एक ओंजळ कढईत टाकली.

तो सातू बाळासाठी नव्हता. बिअरसाठी होता. आणि बिअर निनाद नाही, मी करायचे.

न्यूझीलंडात नेल्सनला आलो तेव्हाचा पहिला हिवाळा निनाद कामावर जायचा आणि मी भिंतींशी बोलायचे. एकदा कुंपणापलीकडच्या कॉलिननं हाक मारली, जरा हे पातेलं धरतेस का म्हणून. त्यात काय शिजतंय ते कळायच्या आधीच मला ते आवडलं होतं. इथले लोक आपण लोणचं घालावं तशी गराजमध्ये बिअर घालतात, आणि शेजारी एकमेकांच्या बरण्यांना नावं ठेवतात. कॉलिननं मला धान्य भिजवण्यापासून शिकवलं, आणि माझं नाक त्याच्यापेक्षा तिखट निघालं. दिवस गेल्यापासून मी एक घोट घेतला नव्हता, पण नाक मात्र दुप्पट झालं होतं. वाया घालवावंसं वाटेना. शिवाय कॉलिनची सत्तरी आली होती, आणि त्या दिवसाची बिअर मी करणार असा शब्द दिला होता.

आता आईचं सांगते. पलूसच्या अलीकडे आमचं गाव. तिथलं दारूचं दुकान माझ्या आईनं बंद केलं. आपल्याकडे कायदाच आहे, गावातल्या बायकांनी मतदान मागायचं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान हवं तर उभीवर शिक्का, नको तर आडवीवर. आई उन्हाळाभर घरोघर फिरली. मतदानाच्या आधी तिनं पुठ्ठ्याची माणूसभर लांब बाटली करून घेतली, आडवी बांबूवर बांधली आणि चौघी बायकांच्या खांद्यावर देऊन तिरडीसारखी गावातून मिरवली. पुढं मडकं धरून स्वतः आई. मी तेव्हा नववीत होते आणि लाजेनं शाळेत गेले नव्हते. दुकान बंद झालं. आजही गावात तिला सुमनताई कुणी म्हणत नाही, आडव्या बाटलीवाल्या ताई म्हणतात.

बिअर करताना पकडले जाईन अशी भीती नव्हती. पकडल्यावर आई माझ्याकडे कसं बघेल, ही होती. ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून माझ्या बाळंतपणाला आली होती. मला नववा लागला होता आणि जगात दुसरं काही नाही, फक्त आई हवी होती.

भाजलेला सातू घेऊन मी कुंपणाशी गेले. कॉलिननं एक दाणा तोंडात टाकला, चावला आणि डोळे मिटून उभा राहिला.

"कुठून आणलास?"

"आईनं भाजला."

"कशात?"

"कढईत. पाव पोतं संपवलंय तिनं, कॉलिन. उरलेल्यात भागेल का?"

"भागवायचं कशाला? हा टाक की त्यात." त्यानं दुसरा दाणा घेतला. "दुकानात संपलाय म्हणून तू रडत होतीस ना, तो हाच."

खरंच होतं. कॉलिनला आवडायची अंबर एल जातीची बिअर, काकवीच्या रंगाची. तो रंग भाजक्या सातूनं येतो. तो मिळाला नव्हता, म्हणून मी साधी फिकट बिअर करणार होते.

"तुझ्या आईला सांग, दुकानातल्यापेक्षा चांगला झालाय."

"तिला काहीच सांगायचं नाहीये."

"अजून सांगितलं नाहीस?"

"तिला वाटतंय सत्त्व आहे. बाळाची पेज."

कॉलिन कुंपण धरून हसायला लागला. हसता हसता म्हणाला, "मग सत्तर वर्षांचं बाळ मी."

शनिवारी निनादनं आईला समुद्र दाखवायला न्यायचं ठरलं. ती गाडीत बसली आणि इकडे कॉलिन कुंपण ओलांडून आला. भरडलेला सातू चक्का बांधतो तसल्या कापडाच्या पिशवीत भरून आम्ही गरम पाण्यात सोडला. पाणी उकळतं नको, गारही नको. बोट घातलं तर चटकन काढून घ्यावंसं वाटलं पाहिजे. तासाभरानं कॉलिननं पिशवी उचलून निथळत टांगली, पातेलं शेगडीवर चढवून दिलं आणि तो घरी गेला. आत तांबूस, गोड पाणी. आता ते तासभर खळखळ उकळायचं, मग संपलं. मी खुर्ची ओढून बसले. पोटात बाळ लाथा मारत होतं आणि मी त्याला वासाची माहिती देत होते.

दार उघडलं.

"वारं काय गं ते," आई पायातल्या चपला काढत म्हणाली. "पदर धरू का डोकं धरू. समुद्र बघितला, नमस्कार केला, आले."

तिच्या मागून निनाद दोन्ही हातांनी मला काहीतरी खुणावत होता. त्याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही.

आई पातेल्यापाशी आली. त्यात सहज आंघोळ करता आली असती.

"एवढं सत्त्व?"

"साठवणीचं," मी म्हणाले.

तिनं चमच्यानं थेंबभर घेतलं, फुंकर मारून चाखलं. "साखर घातलीस?"

"नाही. धान्याचीच गोडी."

पातेल्यावर करडा फेस चढत होता. आईचे वडील गुळव्या होते. तिचं सगळं बालपण गुऱ्हाळावर गेलं, उकळत्या काहिलीच्या कडेला. उतू जाऊ पाहणारं पातेलं आणि त्यावरची मळी बघून तिचे हात शिवशिवायला लागले ते मला दिसत होतं.

"ही मळी कुणी काढायची?" ती म्हणाली. "आणि जाळ असला ठेवतात? हो बाजूला. एवढं पोट घेऊन भट्टीपाशी उभी राहिलीय."

पदर खोचून तिनं झारा घेतला. जाळ कमी केला, फेस बसला, पुन्हा वाढवला. एका हातानं ती मळी काढत होती, दुसऱ्यानं निनादला वाडगं पुढं कर, मागं घे करत होती. माझं पातेलं त्याआधी एकदाही उतू गेल्याशिवाय राहिलं नव्हतं. त्या दिवशी एक थेंब सांडला नाही.

अडचण हॉप्सची होती. ती कडू, हिरवी फुलं असतात, बिअरला तीच तोल देतात. ती वेळेवर घालायलाच हवीत. मी पुडी काढली.

"हे काय?"

"औषधी आहे," मी म्हणाले.

"कशावर?"

"झोपेवर," निनाद म्हणाला.

"पचनावर," मी म्हणाले. दोघं एकदमच.

आईनं चिमूटभर नाकाशी धरलं, शिंकली. "एकाच पाल्याला दोन रोग," ती म्हणाली. "टाक."

सगळं गार झाल्यावर त्यात यीस्ट घालून पिंप बंद करायचं आणि पंधरवडाभर एकसारख्या उबेत ठेवायचं. घरात एकसारखी ऊब एकाच ठिकाणी होती, बाळाच्या खोलीतल्या कपाटात. बाळाच्या खोलीत आई झोपायची. ती पूजेला बसली असताना निनादनं आणि कॉलिननं पिंप आत नेलं आणि वर माझी ब्लँकेटं रचली. कॉलिन चवड्यांवर चालत होता. घंटी वाजली तसा तो मधल्या दारातच थिजला आणि आरती संपेपर्यंत तसाच हात जोडून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई झोपेतून उठून बाहेर आली.

"वृंदे, कपाटात कुणीतरी ढेकरा देतंय."

मी ऐकलं. बुडुक. थांबून पुन्हा बुडुक. पिंपाच्या झाकणातून हवा बाहेर पडत होती. यीस्ट जोमात आलं होतं आणि आम्हा दोघांपैकी कुणालाही काही सुचत नव्हतं. आईनं कपाट उघडलं, ब्लँकेटं काढली, पिंपाला कान लावला, मग नाक. उठून आमच्याकडे वळली.

"माझं आहे, आई," निनाद म्हणाला. "बिअर आहे. मी करतो. वृंदाचा काही संबंध नाही."

मी तोंड उघडलं. त्यानं माझा पाय दाबला.

"गावाचं दुकान बंद केलं मी," आई म्हणाली. "जावयाचं कपाट कसं बंद करू?" आणि ब्लँकेटं पुन्हा होती तशी पिंपावर घातली.

त्यानंतर ती निनादशी माझ्यामार्फत बोलायला लागली. तो समोर ताटावर बसलेला असायचा आणि ती मला म्हणायची, "त्यांना विचार, भात वाढू का." निनाद मला म्हणायचा, "त्यांना सांग, थोडा." मी रोज ठरवायचे की आज सांगायचं.

"तू नववा महिना सांभाळ," तो म्हणायचा. "मी जावई आहे. जावयानं थोडं वाईट असलं तर चालतं, परंपरा आहे."

"आणि मुलीनं?"

आई तोवर पिशवीतला उरलेला चोथा वाळवून, दळून, त्यात ज्वारीचं पीठ आणि कांदा घालून थालीपीठं लावत होती. कॉलिनच्या घरी ती स्वतः ताट घेऊन जायची. तो एका घासाला एकच मराठी शब्द म्हणायचा, मी शिकवलेला: "आणखी."

बाटल्या भरायचा दिवस उजाडला. आई मागच्या अंगणात दुपटी वाळत घालत होती. गराजमध्ये आमची फळी लागली. निनाद पिंपाच्या नळीनं बाटली भरत होता, मी बुटक्या स्टुलावर बसून त्याला पुढची देत होते, कॉलिन दांड्याच्या यंत्रानं झाकण ठोकत होता. रंग असा आला होता की मी प्रत्येक बाटली दाराच्या उजेडात धरून बघत होते. काकवी, अगदी काकवी. निम्म्या झाल्या असतील, आणि जमिनीवर पाणी पसरलं.

"नळी सुटली बघ," निनाद म्हणाला आणि नळी धरायला वाकला.

"निनाद," मी म्हणाले, "नळी नाही."

त्यानं नळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग नळी हातातून सोडली, आणि आता मात्र ती खरंच सुटली. कॉलिननं धावत येऊन अंगठा लावला. मला हसू फुटलं आणि त्याच वेळी पहिली कळ आली, आणि दोन्ही एकदम सोसायची मला कुणी शिकवलं नव्हतं. माझा आवाज ऐकून आई दुपटं हातात घेऊनच दारात आली. भरलेल्या बाटल्या, रिकाम्या बाटल्या, मी, पाणी, अंगठा लावून उभा कॉलिन. तिनं सगळं एका नजरेत घेतलं.

"निनादराव, गाडी काढा."

पंधरवड्यात पहिल्यांदा ती त्याच्याशी थेट बोलत होती. तो चावी शोधत घरात पळाला. चावी त्याच्या तोंडात होती.

आईनं मला दंडाला धरून उठवलं. मी तिला घट्ट धरलं. "आई, हे माझं आहे. निनादचं नाही. मी करते. पहिल्यापासून मीच करते."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "श्वास घे."

मला गाडीत बसवून ती खिडकीशी आली. "व्हा पुढं. पहिलटकरणीला वेळ लागतो, मी येतेच मागनं." मग मागं गराजकडे बघून, जरा दुसरीकडे तोंड करून तिनं विचारलं, "ते उघडं राहिलं तर नासेल, न्हवं?"

निनादनं तोंडातली चावी काढून गाडी सुरू केली.

आईनं पदर खोचला. गाडी वळताना मला गराजचं दार दिसलं, आणि आत माझी आई, बाटली हातात धरून. "दाखवा, कॉलिनभाऊ," ती म्हणत होती. "हळू. तुमचा अंगठा काढा आधी."

जुई दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. आई तिला मांडीवर घेऊन माझ्या खाटेशी बसली होती. तिच्या हातांना हॉप्सचा वास येत होता, आणि जुई त्या बोटाशी नाक लावून शांत झोपली होती.

"कधीपासून ठाऊक होतं?" मी विचारलं.

"पोतं उघडलं तेव्हापासून. एका बाळाला पोतंभर सत्त्व? वासरू होणार होतं व्हय तुला?" तिनं जुईचं टोपरं सारखं केलं. "अर्धं आयुष्य मी हातभट्ट्या शोधत फिरले. मला वास कळत नाही?"

"मग भाजलास कशाला?"

"होऊ नये म्हणून. भाजलेलं बी उगवत नाही. म्हटलं, भाजून टाकला की तो काही आंबायचा नाही, आणि लेकीला तोंडानं बोलायला नको. सगळं पोतं भाजणार होते. तू आंघोळीहून लवकर आलीस."

मला हसू यायला लागलं. टाके होते, हसायला बंदी होती, म्हणून आणखी येत होतं. "आई, त्यानंच तर रंग आला."

"कशाचा?"

"कॉलिनला तांबूसच हवी होती. भाजका सातू मिळत नव्हता म्हणून मी फिकट करणार होते. तू भाजलास म्हणून तांबूस झाली."

आईनं पदराचा बोळा तोंडात धरला, बाळ उठू नये म्हणून, आणि खांदे हलवून हसली. इतकी की नर्स येऊन बघून गेली.

डोळे पुसल्यावर मी विचारलं, "मग काल बाटल्या का भरल्यास?"

"दुकान बंद केलं ते काय वासापायी नाही गं," ती म्हणाली. "तेव्हा मी ज्या घरात जायची, तिथं आधी पिठाचा डबा उघडून बघायची. रिकामा असायचा. म्हणून केलं. तुझ्याकडे आले तेव्हा तुझाही बघितला उघडून."

"आणि?"

"भरलेला होता. दुसऱ्या दिवशी परत बघितला. रोज बघितला. उगीच, सवय." ती जुईला थोपटत होती. "तू मला फसवायला बघत होतीस, त्याचा राग आला होता. म्हटलं, बघू किती दिवस लपवते. आणि निनादराव. दारूचा आळ झटकणारे नवरे पन्नास बघितले मी. अंगावर घेणारा हा पहिलाच."

निनाद नेमका तेव्हा चहा घेऊन आत आला.

"त्यांना विचार," मी आईला म्हणाले, "साखर किती घातली."

"मीच विचारते की," आई म्हणाली. "बसा, निनादराव. उभं राहून पाय दुखले असतील."

कॉलिनच्या सत्तरीला आई इरकल नेसून आली. त्यानं पहिली बाटली उघडली, पेला भरून तिच्या हातात दिला. ती पिणार नव्हती हे त्यालाही माहीत होतं. तिनं पेला उन्हात धरून रंग बघितला, मग वास घेतला.

"खमंग आहे," ती मला म्हणाली. "पण कढई जरा आधी उतरवायला हवी होती. त्याला नको सांगूस." आणि पेला कॉलिनला परत दिला.

तिनं स्वतः भरलेली शेवटची बाटली तिनं कुणाला उघडू दिली नाही. गाळ खाली बसायला बाटल्या उभ्याच ठेवायच्या असतात, हे कॉलिननं तिला त्या दिवशी खाणाखुणांनी शिकवलं होतं. गावी जायच्या सकाळी तिनं ती बाळाच्या कपाटात, मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. मी दारातून बघत होते. तिनं आधी ती आडवी ठेवली. थोडा वेळ बघत राहिली. मग उचलून उभी केली आणि कपाट लावलं.

"गावात बोलू नकोस," ती म्हणाली. "मतदान गुप्त असतं."

जुई आता पाच वर्षांची आहे, धाकटा आत्ता मांडीवर झोपलाय. दर रविवारी आईचा फोन येतो. जेवण, ताप, दात, शाळा सगळं झालं की ती आवाज उतरवून विचारते, "ती आहे का?"

गेल्या रविवारी फोन जुईनं घेतला. आजीनं काहीतरी विचारलं तशी ती फोन घेऊनच धावत खोलीत गेली, कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला, आणि मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं तिनं सांगितलं, "आजी, उभीच आहे."

"हळू बोल, बाई," गावाहून आवाज आला. "इथं दारूबंदी मंडळाच्या बायका बसल्यात."